अमेरिकेच्या घरात रेडिओ आला तेव्हा

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात. सोसायटीच्या पंचवीस वर्षांवर काहीतरी लिहा." मी म्हटलं, त्यावर अध्यक्ष लिहिणार, सचिव लिहिणार, पाण्याच्या टाकीवर आणि लिफ्टवर खजिनदार लिहिणारच. मी आपला दुसऱ्याच मुलखाचा इतिहास सांगतो. त्यात मध्येच एका हाऊसिंग सोसायटीची गोष्ट येते, असं आश्वासन दिलं तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

पण सुरुवात आमच्या चाळीतल्या खोलीपासून करतो. वडिलांनी घेतलेला रेडिओ फळीवर असायचा, त्यावर आईने विणलेलं झाकण. आणि रेडिओबरोबर एक लहानसं पुस्तक असायचं, लायसन्सचं. आमच्या पिढीतल्या लोकांना आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची आणि शिक्का मारून आणायचा. एका वर्षी वडील विसरले, आणि नेमकी तेव्हाच चाळीत आवई उठली की तपासनीस येतोय. दोन दिवस आमचा रेडिओ चादरीत गुंडाळून पलंगाखाली होता. तपासनीस काही आला नाही. पण 'रेडिओ ऐकायचा तर सरकारला पैसे द्यावे लागतात' हे डोक्यात पक्कं बसलं.

ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांकडून आली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा ऐकणाऱ्याने फी भरायची हा विलायतेतला रिवाजही बरोबर आला. अमेरिकेत मात्र ऐकणाऱ्याने अशी फी कधीच भरली नाही. मग गाणी, नाटकं, बातम्या यांचे पैसे कोण देत होतं? हा प्रश्न हिशेबाच्या वहीतला वाटतो. पण तिथल्या घराघरांत कोणाचा आवाज जाणार आणि कोणाचा नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरलं. म्हणून ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पिट्सबर्ग हे पोलाद गाळणारं शहर. तिथल्या वेस्टिंगहाऊस या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीत फ्रँक कॉनराड नावाचे इंजिनिअर होते. त्यांना बिनतारी यंत्रांचा नाद. विल्किन्सबर्गला घराच्या गॅरेजवर त्यांनी स्वतःचं छोटं केंद्र मांडलं होतं. बोलून बोलून कंटाळा आला की ते मायक्रोफोनसमोर ग्रामोफोन लावायचे. आजूबाजूच्या हौशी पोरांनी घरी यंत्रं जुळवलेली होती, त्यांना ते ऐकू जायचं. मग पत्रं यायला लागली: अमुक रेकॉर्ड लावा, तमुक वेळेला लावा. कॉनराडनी ठरावीक वार आणि वेळ जाहीर केली. घरातल्या रेकॉर्डी संपल्या तेव्हा गावातला रेकॉर्डवाला म्हणाला, माझ्याकडच्या घेऊन जा, फक्त माझ्या दुकानाचं नाव सांगत जा. म्हणजे बघा, बारसं होण्याआधीच जाहिरात पाळण्यात येऊन बसली होती.

सप्टेंबर १९२० मध्ये शहरातल्या हॉर्न या मोठ्या दुकानाने वर्तमानपत्रात छापलं की कॉनराड यांची गाणी ऐकण्याची यंत्रं आमच्याकडे दहा डॉलरपासून मिळतील. ही जाहिरात कंपनीचे उपाध्यक्ष डेव्हिस यांनी वाचली आणि त्यांचं डोकं चाललं. तोवर बिनतारी म्हणजे एकाने दुसऱ्याशी बोलण्याचं साधन, बिनतारेचा टेलिफोन. त्यातलं बोलणं इतरांना ऐकू जातं हा त्याचा दोष मानला जायचा. डेव्हिसना दिसलं की हा दोष हाच धंदा आहे. एकाने बोलायचं, हजारांनी ऐकायचं, आणि त्या हजारांना यंत्रं आपण विकायची.

मग घाईघाईने कारखान्याच्या गच्चीवर एक खोपट उभं केलं. २ नोव्हेंबर १९२० हा अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. त्या रात्री केडीकेए या केंद्रावरून हार्डिंग आणि कॉक्स यांच्या लढतीचे निकाल सांगितले गेले. वर्तमानपत्राच्या कचेरीतून आकडे टेलिफोनवर यायचे आणि निवेदक ते वाचायचा. ऐकणारे फार नव्हते, हजारभर असतील नसतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर हातात पडला तेव्हा त्या हजार जणांसाठी तो शिळा होता. (पहिलं केंद्र कोणाचं यावर तिथे अजून भांडण आहे. डेट्रॉइटवाले म्हणतात आम्ही ऑगस्टमध्येच सुरू केलं होतं. आपल्याकडे पहिला गणपती कोणी बसवला यावर होतं तसंच ते. मी मध्ये पडत नाही.)

१९२२ च्या अखेरीस अमेरिकेत पाचशेच्या वर केंद्रं झाली होती. कोणी काढली म्हणाल? वर्तमानपत्रांनी, विद्यापीठांनी, चर्चनी, मोठमोठ्या दुकानांनी. लॉस एंजेलिसमध्ये एका लॉन्ड्रीनेसुद्धा केंद्र काढलं होतं.

ऐकण्याचं यंत्र घरी करता यायचं. ओटच्या गोल पुठ्ठ्याच्या डब्यावर तांब्याची तार गुंडाळायची, एक स्फटिकाचा खडा आणायचा आणि त्यावर बारीक तारेचं टोक टेकवून 'बोलती' जागा शोधायची. त्या तारेला मांजराची मिशी म्हणत. वीज लागत नसे. मात्र आवाज इतका मुंगीचा, की कानाला हेडफोन लावूनच ऐकावं लागे. घरात हा तज्ज्ञ म्हणजे बारा-चौदा वर्षांचा मुलगा. आज आजोबांना मोबाईल शिकवणारी नातवंडं बघितली की मला ती पोरं आठवतात. हेडफोन एकच असेल तर तो काचेच्या वाडग्यात ठेवत, म्हणजे आवाज जरा घुमतो आणि चार डोकी वाकून ऐकू शकतात.

त्या काळात काय ऐकलं यापेक्षा किती लांबचं ऐकलं याला महत्त्व होतं. रात्री जागून लोक वही करायचे: आज डेन्व्हर लागलं, आज हवाना लागलं. शिकागोमध्ये तर सोमवारी संध्याकाळी गावातली केंद्रं मुद्दाम बंद ठेवत, लोकांना दूरची केंद्रं ऐकता यावीत म्हणून. शेजाऱ्यासाठी आपला आवाज बंद ठेवण्याची ही पद्धत मला फार आवडली. आपल्या सोसायटीत निदान परीक्षेच्या दिवसांत करून बघायला हरकत नाही.

पुढे लाऊडस्पीकर आले, विजेच्या बटणावर चालणारे रेडिओ आले, आणि मांजराची मिशी गेली. रेडिओ मुलाच्या खोलीतून दिवाणखान्यात आला, लाकडी कपाटासारखा, पॉलिश केलेला. खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून मांडल्या जाऊ लागल्या. जुलै १९२१ मध्ये डेम्प्सी आणि कार्पेंटियर यांची मुष्टियुद्धाची लढत लोकांनी हॉलमध्ये जमून ऐकली होती. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन न्यूयॉर्कला भरलं ते लोकांनी घरात बसून ऐकलं. उमेदवार ठरेना. १०३ वेळा मतदान झालं, दोन आठवडे घोळ चालला. राज्यांची नावं वर्णानुक्रमाने पुकारत, त्यामुळे दर फेरीला पहिला आवाज अलाबामाच्या गव्हर्नरांचा. त्यांची चोवीस मतं अंडरवूड यांना, हे वाक्य दरवेळी त्याच हेलात. लहान पोरं रस्त्यात त्यांची नक्कल करायला लागली. कधीही न पाहिलेल्या माणसाची नक्कल सगळा देश एकाच आठवड्यात करतो, असं आधी कधी झालं नसावं.

शेतकऱ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण माझं आजोळ शेतीवालं. अमेरिकेतला शेतकरी आपल्यासारखा गावठाणात राहत नाही. ज्याचं घर त्याच्या शेतात, शेजारी मैलभर लांब. हिवाळ्यात बर्फ पडलं की आठवडे आठवडे माणसाचं तोंड दिसत नाही. त्याला मालाचा भाव व्यापारी सांगेल तो. शिकागोच्या बाजारात गहू किंवा डुकरं काय भावाने गेली हे व्यापाऱ्याला तारेने त्याच दिवशी कळायचं, शेतकऱ्याला पेपर पोचेल तेव्हा. मधल्या दिवसांत जो माल विकला जायचा त्याचा नफा कुठे जात असेल, हे आपल्या मार्केट यार्डात उभं राहिलेल्याला सांगायला नको. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेतकी खात्याचे बाजारभाव आणि हवामानाचे अंदाज रेडिओवर यायला लागले. आता सौद्याला बसताना दोघांनाही भाव माहीत. गारठा येणार हे आदल्या रात्री कळू लागलं.

वीज मात्र नव्हती. १९३० साली अमेरिकेत दहातल्या एखाद्याच शेतघरात वीज होती. तेव्हा रेडिओ बॅटरीवर. मोटारीची बॅटरी काढून रेडिओला लावणारे पुष्कळ होते. शनिवारी रात्री शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावर खळ्यातल्या नाचगाण्यांचा कार्यक्रम असायचा. हे केंद्र सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड दुकानाने १९२४ मध्ये काढलेलं. पुढच्या वर्षी टेनेसीतल्या नॅशव्हिलला एका विमा कंपनीने केंद्र काढलं आणि त्यावर डोंगरी भागातले फिडल, बँजो वाजवणारे आणले. शहरातले शिष्ट लोक नाकं मुरडत होते. पण खेड्यातल्या माणसाला आपलं गाणं, आपली बोली पहिल्यांदाच त्या पॉलिश केलेल्या कपाटातून ऐकू आली. विमा एजंट मग दारोदार जाताना त्या कार्यक्रमाची ओळख सांगत. आता कळलं ना, पैसे कुठून येत होते?

तर पैशांचा तो प्रश्न. सुरुवातीला रेडिओ विकणाऱ्या कंपन्या खर्च करत होत्या. पण गायक-वादक फुकट किती दिवस येणार? १९२४ साली एका रेडिओ मासिकाने तर 'खर्च कोणी करायचा आणि कसा' यावर निबंध मागवून पाचशे डॉलरचं बक्षीस ठेवलं. रेडिओतल्या व्हॉल्व्हवर कर बसवा, असं सुचवणाऱ्याला ते मिळालं. आरसीए कंपनीचे डेव्हिड सार्नोफ यांचं म्हणणं होतं की यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांनी विक्रीतला थोडा हिस्सा बाजूला काढावा आणि सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था चालवावी. न्यूयॉर्कच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये स्वतःचं केंद्र काढलं. व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी १९२२ च्या परिषदेत बजावलं होतं की सेवेची एवढी मोठी संधी जाहिरातींच्या बडबडीत बुडू देणं कल्पनेतसुद्धा बसत नाही.

कल्पनेत बसत नसलं तरी त्याच वर्षी ते झालं. एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. तिने न्यूयॉर्कला डब्ल्यूईएएफ केंद्र काढलं आणि विचार टेलिफोनवाल्यासारखाच केला. आपल्याकडे पिवळे पीसीओ बूथ होते ना, तसंच. आम्ही बूथ बांधून देतो. ज्याला शहराशी बोलायचं असेल त्याने वेळेप्रमाणे पैसे भरावे आणि बोलावं.

२८ ऑगस्ट १९२२. त्या बूथमधलं पहिलं गिऱ्हाईक आलं. कोण असावं? साबणवाला नाही, सिगारेटवाला नाही. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाची बिल्डर कंपनी! क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स इथे तिने इमारती बांधल्या होत्या आणि त्यातल्या 'हॉथॉर्न कोर्ट'मधले फ्लॅट विकायचे होते. दहा मिनिटांना पन्नास डॉलर. आणि हे फ्लॅट साधे नव्हते. राहणाऱ्यांनीच मिळून मालक व्हायचं अशी योजना होती. म्हणजे आपण ज्याला सहकारी गृहनिर्माण म्हणतो, जवळपास तेच. रेडिओवर पैसे देऊन केलेली पहिली जाहिरात म्हणून इतिहासाची पुस्तकं जिचं नाव घेतात, ती सहकारी फ्लॅटची आहे. समितीला दिलेला शब्द मी पाळला.

भाषण मोठं गोड होतं. सुरुवात झाली कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्यापासून. त्यांना जाऊन अठ्ठावन्न वर्षं झाली, त्यांच्या स्मरणार्थ इमारतीला नाव दिलं, त्यांना निसर्गाच्या जवळ राहणं किती प्रिय होतं, वगैरे. मग हळूच मुद्द्यावर. विटांच्या त्या ढिगाऱ्यातून बाहेर पडा, जिथे भिंतींच्या फटीतून आलेल्या चिमूटभर उजेडाला 'लाइट शाफ्ट' म्हणून चेष्टा करतात. मुलांना बाग द्या, मोकळी हवा द्या, भुयारी रेल्वेने मॅनहॅटन काही मिनिटांवर. डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीचं दुःख शंभर वर्षांपूर्वीही होतं, आणि स्टेशनपासून 'काही मिनिटं' सांगायची बिल्डरची सवयही.

एक गोष्ट मात्र त्या भाषणात नव्हती. जॅक्सन हाइट्समध्ये घर घ्यायला नुसते पैसे पुरत नसत. तुम्ही कोण, कुठले, कोणाच्या ओळखीचे, हे आधी पाहिलं जाई. ज्यू माणसाला तिथे घर मिळत नसे, काळ्या माणसाला तर नाहीच, आणि हे पुढे कितीतरी वर्षं चाललं. बागा मधोमध आणि इमारती भोवती अशी ती रचना; फाटक आतून बंद. पण रेडिओच्या लहरींना फाटक कुठलं? ज्यांना कंपनी घर विकणार नव्हती त्यांच्याही कानावर ते गोड भाषण पडलं असणार. हार्लेममधलं एखादं काळं कुटुंब, लोअर ईस्ट साइडचं एखादं ज्यू कुटुंब, वाडग्यावर वाकून ऐकतंय: मुलांना मोकळी हवा द्या. मला हा प्रसंग विसरता येत नाही. आमच्या चाळीतून उपनगरात घर शोधताना 'आमच्याकडे फक्त अमुक लोकांनाच' हे मीही दोन ठिकाणी ऐकलेलं आहे, म्हणून असेल.

गिऱ्हाइकं मग वाढत गेली. १५ नोव्हेंबर १९२६ ला एनबीसी आणि वर्षभरात सीबीएस अशी जाळी उभी राहिली. टेलिफोनच्या तारांनी केंद्रं जोडायची आणि न्यूयॉर्कचा कार्यक्रम एकाच क्षणी देशभर ऐकवायचा. १९२७ च्या रेडिओ कायद्याने लहरींची वाटणी करायला आयोग नेमला. गोंधळ खरोखर झाला होता, एकावर एक केंद्रं आदळत होती, त्यामुळे कायदा हवाच होता. पण वाटणीत चांगल्या जागा आणि चांगल्या वेळा व्यापारी केंद्रांना मिळाल्या. विद्यापीठांची, कामगारांची, चर्चची छोटी केंद्रं कडेला सरकली आणि पुढच्या दहा वर्षांत बरीचशी बंद पडली. ज्या वर्षांत कोणीही उठून बोलत होतं ते दिवस संपले.

आता कार्यक्रम प्रायोजकाचे झाले. 'अमॉस अँड अँडी' ही मालिका घ्या. शिकागोमध्ये १९२८ ला सुरू झाली, १९२९ पासून पेप्सोडेंट टूथपेस्टच्या पैशाने एनबीसीवर देशभर. आठवड्यात सहा दिवस, पंधरा मिनिटं. ऐकणारे अंदाजे चार कोटी. सिनेमा थिएटरवाले त्या वेळी चित्रपट थांबवून पडद्यासमोर रेडिओ लावत, नाहीतर लोक येतच नसत. आपल्याकडे रामायण लागायचं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते कसे असायचे, ते आठवा. अमॉस आणि अँडी हे दक्षिणेतून उत्तरेत आलेले दोन काळे तरुण. आवाज देणारे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल, दोघेही गोरे. काळ्या माणसाचा आवाज अमेरिकेच्या दिवाणखान्यात शिरला तो असा, गोऱ्यांच्या तोंडून, हसण्यासाठी. १९३१ साली पिट्सबर्ग कुरियर या काळ्यांच्या वृत्तपत्राने मालिका बंद व्हावी म्हणून दहा लाख सह्यांची मोहीम काढली. पिट्सबर्गच, जिथे ही गोष्ट सुरू झाली. आयोगाने काही केलं नाही, टूथपेस्टवाल्यानेही नाही. हेही सांगायला हवं की काळ्या वस्तीत मालिका आवडीने ऐकणारेसुद्धा होते. शिकागोच्या दुसऱ्या एका काळ्यांच्या वृत्तपत्राने त्या दोघा नटांना आपल्या मुलांच्या सहलीला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. माणसं अशी सरळ दोन रांगांत उभी राहत नाहीत.

दुपारच्या मालिका बायकांसाठी. साबणवाल्या कंपन्या त्या चालवत, म्हणून त्यांचं नाव 'सोप ऑपेरा' पडलं. १९३३ साली सुरू झालेली 'मा पर्किन्स' सत्तावीस वर्षं चालली. आमच्या विंगमधल्या भगिनी ज्या मालिकांना संध्याकाळी हलू देत नाहीत त्यांची ही पणजी. पुरुषमंडळींनी हसू नये, मंदीच्या काळात त्यांच्या घरी बेकार बसलेले यजमानही त्या ऐकत असणार.

प्रायोजक नको, स्वतःच केंद्र काढू, असं करणारे डॉक्टर ब्रिंकली यांची कथाही ऐका. कॅन्ससमधल्या मिलफर्ड या खेड्यातले हे गृहस्थ बोकडाच्या ग्रंथी माणसाला बसवून तारुण्य परत आणण्याचा दावा करत. (अधिक तपशील स्मरणिकेत नको.) १९२३ मध्ये त्यांनी केंद्र काढलं. गाणी, भजनं, आणि मध्ये रुग्णांची पत्रं वाचून रेडिओवरच औषध सांगायचं, अमुक नंबरचं. औषधवाल्यांकडून त्यांना हिस्सा. १९३० मध्ये केंद्राचा परवाना गेला, डॉक्टरकीचाही गेला. तर ते त्याच वर्षी कॅन्ससच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले, मतपत्रिकेवर नाव नसताना, आणि निवडून येता येता राहिले! मग सीमा ओलांडून मेक्सिकोत गेले आणि तिथून जबरदस्त ताकदीचं केंद्र अमेरिकेकडे तोंड करून लावलं. त्यांच्यावर विश्वास ठेवणारे मूर्ख नव्हते. रोज घरात येणारा, नावाने हाक मारल्यासारखा बोलणारा आवाज ओळखीचा वाटतोच. ओळखीच्या माणसावर आपण शंका घेत नाही.

हीच ओळख एका माणसाने देश सावरायला वापरली. मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा बँका धडाधड बुडत होत्या. लोक रांगा लावून पैसे काढत होते, सोनं गादीखाली जात होतं. रूझवेल्टनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या. १२ मार्च, रविवार, रात्री दहाला ते रेडिओवर आले. पंधरा मिनिटंसुद्धा बोलले नाहीत. भाषण केलं नाही, बँक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तुम्ही ठेवलेले पैसे बँक तिजोरीत नुसते ठेवत नाही, कर्जाने देते, धंद्यात घालते. म्हणून सगळेजण एकदम मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही. तपासून ज्या सुरू होतील त्या सुरक्षित असतील. गादीखालच्यापेक्षा तिथे पैसे बरे. विल रॉजर्स या विनोदी लेखकाने म्हटलं की त्यांनी हा विषय इतका सोपा केला की बँकवाल्यांनासुद्धा कळला.

सोमवारी बँका उघडल्या आणि रांगा लागल्या, पैसे भरायला! आपल्याकडे सहकारी बँकेवर निर्बंध आले की दारात जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यात स्वतः उभे राहिले आहेत, त्यांना कळेल की ही किती मोठी गोष्ट आहे. व्हाइट हाऊसला पत्रांचे ढीग येऊ लागले. आधी एक माणूस टपाल बघायचा, त्याला पुरेना, कित्येक माणसं घ्यावी लागली. लोक लिहीत की तुम्ही आमच्या खोलीत बसून बोलल्यासारखं वाटलं. बहुतेक मोठी वर्तमानपत्रं रूझवेल्टच्या विरोधात होती. त्यांना वळसा घालून ते थेट घरात जात होते.

पण खोलीत बसून बोलणारे ते एकटेच नव्हते. डेट्रॉइटजवळचे चार्ल्स कॉफलिन हे कॅथलिक धर्मगुरू १९२६ पासून रेडिओवर होते. सुरुवात मुलांना धर्मशिक्षण देण्याची. मंदी आली तसा विषय बँका आणि गरिबांची पिळवणूक यांच्याकडे वळला. आवाज मधाळ, श्रोते कोटींत. आधी रूझवेल्टचे समर्थक, मग कट्टर विरोधक. १९३८ पर्यंत प्रत्येक दुःखाचं कारण ज्यू आहेत असं उघड सांगायला लागले. नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनामंदिरं जाळली गेली, तेव्हा त्यांनी त्याचंही समर्थन केल्यासारखं भाषण केलं. न्यूयॉर्कच्या एका केंद्राने त्यांना बंद केलं. तेव्हा त्यांचे भक्त त्या केंद्राबाहेर जमले. ज्या खुर्चीत बसून कुटुंबाने रूझवेल्टवर विश्वास ठेवला, त्याच खुर्चीत बसून कॉफलिनवर ठेवला. यंत्राला फरक कळत नाही. आणि त्या कुटुंबाला कळावा अशी दुसरी बाजू सांगणारी छोटी केंद्रं तोवर फारशी उरलीच नव्हती.

त्याच वर्षीचं ३० ऑक्टोबरचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक असतं. ऑर्सन वेल्सनी मंगळावरच्या लोकांनी हल्ला केल्याचं नाटक बातम्यांच्या ढंगात केलं आणि म्हणे सगळी अमेरिका घाबरून रस्त्यावर आली. मी वर्गात वर्षानुवर्षं हे असंच शिकवलं, त्याबद्दल जुन्या विद्यार्थ्यांनी माफ करावं. काही लोक घाबरले हे खरं. पण त्या वेळी बहुतेक देश दुसऱ्या केंद्रावर एडगर बर्गन यांचा बोलक्या बाहुलीचा कार्यक्रम ऐकत होता. (रेडिओवर बोलकी बाहुली! आपल्या रामदास पाध्यांनी कपाळाला हात लावला असता.) भीतीची गोष्ट वाढवून सांगितली ती वर्तमानपत्रांनी. रेडिओने त्यांच्या जाहिराती पळवल्या होत्या, तो बेभरवशाचा आहे हे दाखवायची संधी कोण सोडेल?

१९३० च्या जनगणनेत सरकारने पहिल्यांदा विचारलं की घरात रेडिओ आहे का. शंभरातल्या चाळीस घरांत होता. मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात जेमतेम पाच. १९४० ला शंभरात त्र्याऐंशी. मधली दहा वर्षं मंदीची, हे लक्षात घ्या.

माझी भाची न्यू जर्सीला असते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडे गेलो होतो तेव्हा ती एका रविवारी म्हणाली, "मामा, चला, किराणा आणायला जाऊ." गाडीने बराच वेळ जाऊन एका रस्त्यावर उतरलो, चौऱ्याहत्तरावा रस्ता. साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, पानवाला, बंगाली मिठाई, मागे हिंदी गाणी. हिने तिथे दोन तास घालवले. मी कंटाळून मागच्या गल्ल्यांत फिरलो. विटांच्या सुरेख जुन्या इमारती, फाटकातून आतली बाग दिसते. एका दारावरच्या पाट्यांवर मला दोन बांगलादेशी, एक पंजाबी आणि काही स्पॅनिश आडनावं दिसली. एक सरदारजी बाकावर कानाशी छोटा रेडिओ धरून क्रिकेट ऐकत होते. "स्कोअर काय?" म्हणून मी विचारलं, त्यांनी सरकून जागा दिली. ते जॅक्सन हाइट्स होतं, हे मला मुंबईला परत आल्यावर नकाशा बघताना कळलं.